मदत हवी आहे: नवीन प्लांट हेड टिकावेत म्हणून काय करता? (फौंड्री, शिरोली एमआयडीसी)

नमस्कार मंडळी,

शिरोलीतल्या एका फौंड्रीत मी एचआर बघते. पुढच्या महिन्यात चाकणहून नवीन प्लांट हेड रुजू होतायत. आधीचे हेड प्रोबेशन संपायच्या आत गेले. कामात कच्चे होते असं मी तरी म्हणणार नाही.

झालं असं, की त्यांनी कोअर शॉपची (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवतात तो विभाग) वाळू ओली आली म्हणून गेटवरून परत पाठवली. ओल्या वाळूनं कास्टिंगला (ओतीव मालाला) ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं, येतात, त्यामुळे बरोबरच केलं. संध्याकाळी तीच गाडी आत! सुपरवायझरनं थेट मोठ्या साहेबांना, म्हणजे मालकांना, फोन लावला होता. जुनी माणसं, साहेबांच्या हाताखाली तयार झालेली. मधल्या माणसाला विचारायची त्यांना सवयच नाही. त्यानंतर शॉपवर हेडना कोणी जुमानेना.

आमचं ऑनबोर्डिंग म्हणजे आयडी कार्ड, सेफ्टी शूज, पीएफचे फॉर्म आणि ओळखीचा चहा. ऑपरेटरला एवढं पुरतं.

या वेळी खरेदी, ओव्हरटाइम, माल परत करणं यातलं काय काय त्यांच्या एकट्याच्या सहीनं होईल, ते रुजू व्हायच्या आधीच लेखी घेणार आहे. पहिला महिना नवे फतवे काढायचे नाहीत. तिन्ही पाळ्यांत फिरायचं, रात्रीच्या हीटला (धातू वितळवायच्या फेरीला) भट्टीपाशी उभं राहायचं, रिजेक्शनच्या (बाद मालाच्या) मीटिंगला नुसतं ऐकायचं. मग ३०, ६० आणि ९० दिवसांनी मालकांसोबत बैठक, आणि तीही फक्त टनेजवर (किती टन माल निघाला यावर) नको. धाकटे साहेब (मालकांचा मुलगा) तयार आहेत. मोठे साहेब "बघू की" म्हणालेत. आता याचा अर्थ कोल्हापूरकरांना काय सांगायचा!

घोडं तिथंच अडलंय. सुपरवायझरचा फोन आला की "हेडना विचार" एवढंच म्हणायला तुमच्याकडे कोणी मालकांना राजी केलंय का? मुलाचं ते ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या जुन्या उद्योजकाला मध्ये घातलं तर चालेल, की घरातली गोष्ट बाहेर गेली म्हणून उलट भडकतील?

आणखी एक. राजारामपुरीत फ्लॅट बघून ठेवलाय, डब्याचीही सोय होईल, पण कुटुंब पुण्यातच राहणार. मुलगी दहावीला आहे. आमची सुट्टी सोमवारी, तिची रविवारी. एकट्या हेडना रविवार दिला तर शॉपवर कुरबुर होते का? कोणी करून बघितलं असेल तर सांगा.