सुईविना साखर मोजणारं घड्याळ: बाबांना कसं समजावू?

नमस्कार. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. बाबा ७४ वर्षांचे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. भजनी मंडळात तबला वाजवतात, त्यामुळे बोट टोचायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. 'शाईवर बोट पडलं की ठणकतं' हे कायमचं गाऱ्हाणं.

गणपतीआधी त्यांनी ऑनलाइन एक घड्याळ मागवलं. मनगटाला बांधा, साखर दिसते म्हणे. तेव्हापासून ग्लुकोमीटर फडताळात. परवा जेवणाआधी घड्याळात ११८ दिसले, तर इन्सुलिनचे युनिट स्वतःच कमी केले. रात्री मी जबरदस्तीने बोट टोचलं, २६७! मग तेच घड्याळ ओट्यावरच्या दुधी भोपळ्याला बांधलं. हिरवे दिवे लुकलुकले आणि दुधीची साखर आली १०९. आई हसून बेजार. बाबा म्हणतात, 'असेल की, दुधीलाही असते.'

थोडं वाचलंय. ऑक्सिमीटरला प्रकाश पुरतो, कारण ऑक्सिजनप्रमाणे हिमोग्लोबिनचा रंगच बदलतो. साखरेला रंग नाही, तिची खूण शरीरातल्या पाण्यात बुडून जाते, वर कातडीत प्रकाश विखुरतो. म्हणून संशोधक प्रकाशाला आवाजाची जोड देतात: लेझरचा क्षणभराचा झोत पडला की आतला भाग किंचित तापून फुगतो आणि अल्ट्रासाउंड लहर निघते. ती प्रकाशाइतकी विखुरत नाही. मूळ शोध १८८० चा, टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचा. पण ते काम अजून प्रयोगशाळेतून मनगटावर आलेलं नाही. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलंय की सुईविना स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांची मान्यता नाही. बाबांना वाचून दाखवलं. 'ते अमेरिकेतलं झालं.'

आता दंडावरच्या १४ दिवसांच्या सेन्सरचा विचार आहे. त्याचीही बारीक तार कातडीखाली जातेच, पण बोटं तरी मोकळी राहतील. इथे कुणाच्या घरी वयस्कर माणूस वापरतं का? आपल्याकडच्या घामात चिकटपट्टी टिकते का? त्याचा आकडा बोटाच्या आकड्यामागून काही मिनिटांनी येतो, तर जेवणानंतर तुम्ही कशावर भरवसा ठेवता?

आणि कुणी तबलजी असेल तर सांगा, करंगळीच्या कडेला टोचलं तर वाजवताना त्रास होतो का? शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंय, डोस तेच ठरवतील. तोवर घड्याळ मी लपवून ठेवलंय, आणि घरात शोधाशोध चालू आहे.