मदत हवी आहे : संख्यामालिकेची दोन उत्तरं निघतात, पोरांना काय सांगू?

नमस्कार मंडळी. अमळनेरला एका अभ्यासिकेत संध्याकाळी पोलीस भरतीच्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणी घेतो. बरीचशी पोरं आसपासच्या खेड्यांतली, सध्या दिवसभर कापूस वेचून येणारी. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नाचा फोटो टाकतात, खाली एवढंच : 'सर, उत्तर?'

परवा आलं ३, ५, ७, ? विषम संख्या धरल्या तर ९, मूळ संख्या धरल्या तर ११. फोटोत पर्यायच कापले गेलेले! २, ४, ८ चंही तसंच. दुप्पट केली तर १६, फरक २, ४, ६ असा वाढवला तर १४. लांब मालिकेचाही भरवसा नाही. वर्तुळावर एकेक बिंदू वाढवत गेलं, दर वेळी सगळे बिंदू सरळ रेषांनी एकमेकांना जोडले आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग पडतात ते मोजलं, तर १, २, ४, ८, १६ नंतर ३२ नाही, ३१ येतात.

म्हणून मी आधी पर्याय मागतो. पण तोवर दुसऱ्या कुठल्या ग्रुपवर कोणीतरी नुसता आकडा टाकतं आणि पोरं तोच पाठ करतात. कारण न कळता पाठ केलेला आकडा पुढच्या पेपरात काय कामाचा?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे शिकवणाऱ्या भाऊ-ताईंनो, अर्धवट प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता? दोन्ही शक्यता कारणासह लिहिता, की पूर्ण प्रश्न येईपर्यंत थांबता? आणि पर्यायांत ९ व ११ दोन्ही असले तर काय निवडायला सांगता? कारणांसह सोडवलेले जुने मराठी पेपर कोणाकडे असतील तर कृपया इथे टाका.