मदत हवी आहे: लेकीला रात्रीपासून अचानक उलट्या, पाणीही टिकत नाहीये

लेक साडेचार वर्षांची. काल संध्याकाळपर्यंत सोसायटीत मस्त सायकल फिरवत होती, रात्री वरणभात जेवली आणि दीड वाजता झोपेतून उठून एकदम भडाभडा उलटी, गादी चादर सगळं. तेव्हापासून सात वेळा झालीय, आता नुसतं पाणी नि फेस. ताप ९९.५, पहाटे एकदा पातळ शी. सारखी पाणी पाणी करते म्हणून मी पेलाभर देते, ती गटागट पिते आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर. सासूबाईंनी मीठमोहरी ओवाळून टाकली (करू देत, त्याने काही बिघडत नाही), पण ओव्याचा काढा पाजायचं म्हणतायत तिथे मी अडून बसलेय. दादाच्या वेळचं उलटीचं औषध घरात पडलंय, ते देऊ का? आम्ही पुण्यात धायरीला राहतो, टँकरचं पाणी, आणि २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएसची (गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) जी साथ आली तेव्हापासून घरात कुणाचं पोट बिघडलं की मला धडकीच भरते. दवाखाना १० ला उघडतो, तोवर काय करू?

कडूलिंब:
अगं आधी तो पेला बाजूला ठेव. पोट खवळलेलं असताना एवढं पाणी एकदम गेलं की उलटणारच. उलटीनंतर दहाएक मिनिटं काहीच देऊ नको, मग ओआरएस (मेडिकलमध्ये मिळणाऱ्या क्षार-साखरेच्या पुडीचं पाणी), तेही औषधाच्या चमच्याने, एक चमचा, दोन-तीन मिनिटं थांबून परत एक. रडली तरी पेला नाही. माझा लेक चमचा उडवायचा, मग मी सुई नसलेल्या सिरिंजने द्यायचे. मोठी पुडी असेल तर अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने असलं करू नको, घट्ट झालं तर जुलाब वाढतात. आणि नवऱ्याला मेडिकलमध्ये पाठवशील तर नीट सांगून पाठव, आमच्याकडे ओआरएस म्हणून टेट्रापॅकमधलं गोड सरबत आलं होतं.

शनिवारपेठी:
जुनं औषध अजिबात नको, डोस वजनावर ठरतो. शेवटची सू कधी झाली? सहा-आठ तास झालीच नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, मूल मलूल पडून आहे असं काही दिसलं तर १० ची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीला. हिरवी उलटी, रक्त, पोटात खूप दुखणं, मान आखडणं, यातही तसंच. सायकलवरून डोक्यावर पडली नाही ना, तेही विचारा, मुलं सांगत नाहीत. जीबीएस बहुतेकदा पोट बिघडल्यावर काही दिवसांनी-आठवड्यांनी होतो आणि त्यात हातापायांतली ताकद जाते, आजच्या उलटीवरून तिथे पोचू नका.

धागाकर्ती:
पडली नाहीये, विचारलं. सू पाचला झालेली, परत आत्ता सव्वानऊला झाली, थोडी पिवळी आहे. चमच्याने सुरू करून पाऊण तास झाला, एकदाच जराशी आली. आजी मांडीवर घेऊन बसल्यात आणि ही चमचे मोजतेय, अठरा झाले. ओआरएस बाटलीत भरून निघतोच आता.