मदत हवी आहे: गर्दीच्या बारमध्ये ऑर्डर कशी द्यावी?

शुक्रवारी ऑफिसातल्या सगळ्यांची ड्रिंक्स काउंटरवरून आणायचं काम माझ्याकडे आहे. चुटक्या वाजवायच्या नाहीत, नोटा हलवायच्या नाहीत, बारटेंडरशी नजरानजर होईपर्यंत थांबायचं, एवढं माहीत आहे. पण ऑर्डर एकदमच सांगावी ना? स्टाउट बिअर दोन टप्प्यांत भरतात, मध्ये फेस बसू द्यावा लागतो, म्हणून ती आधी सांगावी असं मला वाटतं. मोहितो या कॉकटेलसाठी पुदिना चेचावा लागतो. ऐन गर्दीत चार-पाच मागितले तर त्यांना जाच होतो का? माझ्या आधी आलेला कोणी ताटकळत असेल, तर 'आधी यांचं घ्या' म्हणणारच.

सगळ्यात काळजी एका मैत्रिणीची आहे, ती दारू अजिबात घेत नाही. तिचं मॉकटेल नेमकं कसं सांगू, म्हणजे ग्लासांची अदलाबदल होणार नाही? बारमध्ये काम केलेल्यांनी प्लीज सांगा.