इंडक्शन, एक तवा आणि गव्हाशिवाय-दुधाशिवाय रोजचा स्वयंपाक: भाकरी चिरते, काय करू?

खान्देशी_पुण्यात:
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी मला सिलिॲक असल्याचं निघालं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतडं दुखावणारा आजार. आधी रक्ततपासणी, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणी. गहू कायमचा बंद. आतड्याचं अस्तर दुखावलेलं असल्यामुळे दूधही पचत नाही, म्हणून डॉक्टरांनी सध्या तेही थांबवलंय. अंडी-मासे आमच्या घरात कधीच नव्हते.

मी मूळचा जळगावकडचा, पुण्यात आम्ही तिघं मित्र मिळून राहतो. गॅस नाही, इंडक्शन आहे. लोखंडी सपाट तवा, छोटा कुकर, पातेलं, परात आणि खलबत्ता एवढीच भांडी. मिक्सर नाही. ज्वारीची भाकरी थापायला घेतली की कडा चिरतात, उचलली की दोन तुकडे. आई फोनवर सांगते, "करत राहा, हाताला कळेल." अजून कळलेलं नाही. पंधरा दिवस वरण-भातावर काढलेत. आणि गव्हाचा कणही खाल्ला नसताना गेल्या आठवड्यात दोनदा पोट बिघडलं. कुठे चुकतंय?

काठवट:
पीठ कधीचं आहे? ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, चिरणारच. आठ-दहा दिवस पुरेल एवढंच दळून आण.

तोवर उकड काढून कर. वाटीभर पाणी मीठ घालून खळखळ उकळव, वाटीभर पीठ टाक, उलथन्याच्या दांड्याने ढवळ, इंडक्शन बंद करून दहा मिनिटं झाकून ठेव. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळहाताच्या टाचेने रगडून मळ. एका भाकरीपुरता गोळा घेतलास की तो पुन्हा मळायचा, हे चुकवू नकोस. थापून तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरव, पाणी सुकत आलं की उलट. विस्तव नाही म्हणून अडत नाही. खालची बाजू नीट भाजू दे, परत उलट आणि फडक्याच्या बोळ्याने कडेकडेने दाब. वाफ आत फिरते आणि पापुद्रा सुटतो. सोलापूरकडे आमच्या घरी चुलीवरच्या भाकऱ्या झाल्या, पण मुलीच्या खोलीवर मी अशाच करते.

अकरा_वर्षं_पथ्य:
बाळा, तुझी पोस्ट वाचून माझे पहिले सहा महिने आठवले. भाकरी जमेल, त्याची काळजी करू नकोस. पोट दोनदा का बिघडलं, ते आधी शोधू.

हिंगाची डबी उलटी करून घटक वाच. आपल्याकडचा बांधणी हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेला असतो. मी चार महिने रोज वरणाला तोच हिंग घालत होते आणि वजन काही वाढत नव्हतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, नाही मिळाला तर लसणाची फोडणी दे. मेतकुटात गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीत बहुधा असतोच, सोया सॉसमध्येही असतो. सातूच्या पिठाबद्दल फार गोंधळ आहे. आपल्याकडे त्यात भाजलेला गहू असतो, काही ठिकाणी सातू म्हणजे जव. दोन्ही तुला वर्ज्य. आणि कोणी कितीही प्रेमाने म्हणालं, "खपली चालतो, जुना गहू आहे," तरी ऐकू नकोस. खपली हा गहूच आहे.

दुसरी शंका गिरणीची. गव्हावर ज्वारी दळली की जात्यात राहिलेलं पीठ तुझ्या डब्यात येतं. आधी थोडे तांदूळ दळून टाकून दिले तरी जातं पूर्ण साफ होत नाही, एवढं मी स्वतः भोगून सांगते. घरघंटीवर फक्त ज्वारी-तांदूळ दळणारं कोणी भेटतंय का बघ. नाहीतर पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापलेलं पीठ घे. तसं छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं, असा आपल्याकडे नियम आहे.

तिसरं, मित्र त्याच तव्यावर पोळ्या करतात का? तुझा तवा, परात आणि चाळणी वेगळी हवी. चाळणीची जाळी कितीही धुतली तरी पीठ धरून बसते. लाकडी पोळपाट-लाटणं तर उसनंसुद्धा घेऊ नकोस.

पिठाची सोय होईपर्यंत उपाशी राहायचं कारण नाही. अख्खी ज्वारी निवडून, धुऊन रात्रभर भिजव, कुकरला आठ-दहा शिट्ट्या दे. वरून कांदा, मिरची, कढीपत्ता, शेंगदाण्याची फोडणी. मला तो उपम्यापेक्षा आवडतो, दाताखाली येतो. भगर आणि मटकीची उसळ हे माझं कामाच्या दिवसांतलं ठरलेलं जेवण. दूध बंद आहे, तर तीळ आणि नाचणी सोडू नकोस. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पीठ रात्री पाण्यात भिजवून आंबवायचं, सकाळी शिजवून लसूण-जिरं ठेचून घालायचं, ताक न घालताही आंबील छान आंबट लागते. बी-१२ मात्र यातल्या कशातूनच मिळणार नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की विचार.

नारळाचं_झाड:
ताईंनी सगळं सांगितलंच आहे, माझी थोडी भर. तांदळाच्या पिठाचं घावन कर, पीठ ताकासारखं पातळ हवं. तवा चांगला तापला पाहिजे, नाहीतर चिकटतं. मिक्सरशिवाय नारळाचं दूध निघतं: खवलेला नारळ कोमट पाण्यात पाच मिनिटं कुस्करायचा, फडक्यातून पिळायचा. त्यात आमसुलाचं पाणी, लसूण, मीठ. झाली सोलकढी. उकळायची नाही, फाटते.

खान्देशी_पुण्यात:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच डबी पाहिली, हिंगात 'गव्हाचे पीठ' स्पष्ट लिहिलंय. दोन महिने रोज दोन वेळा तोच खाल्ला. चाळणीही तिघांत एकच होती, आज माझी वेगळी आणली.

काकू, तुमची ज्वारी आज डब्यात नेली होती. ऑफिसात दोघांनी मागून घेतली.

आईला हे सगळं वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "अरे, मग कळणा का नाही करत?" चार वाटे ज्वारी, एक वाटा अख्खे उडीद, थोडं मीठ, सगळं एकत्र दळायचं. उडदामुळे पीठ धरून राहतं, म्हणे भाकरी चिरतच नाही. लहानपणापासून ठेचा आणि कच्च्या तेलासोबत खात आलोय, त्यात गहू नाही हे लक्षातच आलं नव्हतं. ती घरी जात्यावर दळून पाठवतेय. आजीचं जातं माळ्यावर होतं, त्यावर गहू कधी दळलाच नाही, फक्त डाळी भरडल्या. तरी धुऊन, उन्हात वाळवून घ्यायला सांगितलंय.

एक विचारायचं राहिलं: कळण्यालाही उकड काढू का, की साध्या पाण्यात मळू?

काठवट:
साध्या पाण्यात मळ. उडदाचा चिकटपणा पुरतो, उकड काढलीस तर पीठ हाताला चिकटेल. भाकरी जरा जाड ठेव आणि तवा मध्यम आचेवर.