घरटे-पेटी आणि नागपूरचे ऊन : आपापले अनुभव लिहावेत

धरमपेठ

कळमन्याच्या बाजारातून आलेल्या संत्र्याच्या रिकाम्या पेटीच्या फळ्या ठोकून मी काही वर्षांपूर्वी पहिली घरटे-पेटी तयार केली आणि मोठ्या हौसेने घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर टांगली. चिमण्यांनी ती पाहिली, आत-बाहेर केले, चार काड्याही आणल्या. परंतु एप्रिलचे ऊन चढले आणि त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. एका दुपारी पेटीत हात घातला तेव्हा आतली हवा भट्टीसारखी लागली. फळी पातळ, तोंड पश्चिमेला आणि झाकणाखाली गरम हवा जायला फटसुद्धा नाही. आपण ज्या पेट्या पाहून शिकतो त्या बहुधा थंड देशांतल्या असतात. तेथे ऊब धरून ठेवायची असते. आपल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा ती बाहेर घालवायची असते. म्हणून आपापल्या बागेत काय घडले ते कृपया लिहावे. फसलेले प्रयोग अवश्य लिहावेत. मला त्यांचीच अधिक गरज आहे.

प्रतापनगर

मी लकडगंजच्या आरा मशीनवरून सागाचे जाड तुकडे आणले, आतून रंग किंवा पॉलिश लावले नाही, तळाला चार भोके पाडली आणि झाकणाखाली बोटभर फट ठेवली. दार ३२ मिलिमीटर व्यासाचे आहे, कारण चिमणी त्यातून जाते आणि साळुंकीला मात्र शिरता येत नाही. पेटी उत्तरेच्या भिंतीवर, सज्जाच्या सावलीत आहे. जागा नराने निवडली. तो तीन दिवस दारात बसून चिवचिवत होता आणि मग मादी आली. घरट्याचे सामान कोठून आले असेल? आमच्या कूलरच्या खसच्या ताटीतून! दोघे मिळून धागे उपसत होते आणि ताटीला पडलेल्या भगदाडाकडे पाहून आमचे हे दिवसभर कुरकुरत होते. अंडी मी मोजली नाहीत. पिल्लांचा आवाज येऊ लागल्यावर मात्र रोजच्या फेऱ्या टिपून ठेवल्या. एरवी दाण्यांवर जगणारी चिमणी पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते, म्हणून त्या वर्षापासून आम्ही कढीपत्त्यावर फवारणी करणे सोडले.

हुडकेश्वर मार्ग

माझा अनुभव दयाळ पक्ष्याचा आहे आणि त्यात चूक माझी आहे. दयाळाला दार मोठे लागते. मी सुमारे दोन इंचांचे ठेवले होते. पहाटे उजाडण्याच्या आधीच नर विजेच्या तारेवर बसून गात असे. अंडी उबवण्याचे काम एकट्या मादीचे; नराचा वाटा पिल्लांना भरवण्यापासून सुरू झाला. पिल्लांनी शिटले की आई-बाप ती पांढरी पुडी चोचीत धरून दूर टाकून येत, त्यामुळे पेटीखाली घाण अशी दिसलीच नाही. सुमारे बाराव्या दिवशी, पिसे फुटलेली पिल्ले जवळून पाहण्याच्या मोहाने, मी शिडी लावून झाकण उचलले आणि त्याच क्षणी दोन पिल्ले उडी मारून खाली जास्वंदीत पडली. त्या वयात पिल्ले भेदरून वेळेआधीच घरटे सोडतात, हे मला नंतर कळले. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, असे शेजारच्या काकू ठामपणे सांगत होत्या; तरीही मी पिल्ले उचलून आत ठेवली आणि दारावर रुमाल धरून दहा मिनिटे उभी राहिले. रुमाल काढल्यावर पाऊण तासाने मादी चोचीत अळी घेऊन आली. तो पाऊण तास मी आयुष्यभर विसरणार नाही. तेव्हापासून माझे पाहणे खिडकीच्या पडद्याआडून होते.

मानेवाडा

आमच्या पेटीत खारीने बिऱ्हाड केले. दार कुरतडून मोठे केले, आत कापूस भरला. आम्ही तिला राहू दिले. दाराभोवती पत्र्याची चकती ठोकली असती तर कदाचित पक्षी आले असते.

सेमिनरी हिल्सजवळ

मोठी पेटी पोपटांसाठी केली होती. फेब्रुवारीत तिच्यात पिंगळ्यांची जोडी आली. संध्याकाळी दोघे फांदीवर शेजारी बसून असा काही कलकलाट करीत की कॉलनीत चर्चा सुरू झाली. घुबडाची जात घरापाशी अशुभ, पेटी उतरवा, असे दोन ज्येष्ठांनी मला येऊन सांगितले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अंडी असलेल्या घरट्याला धक्का लावता येत नाही, हे मी नम्रपणे सांगितले. पण त्यांचे मन वळले ते झाडाखाली पडलेल्या गोळ्यांमुळे. पिंगळा न पचलेले भाग गोळी करून ओकतो. एक गोळी पाण्यात भिजवून मी त्यांना किड्यांची कवचे आणि उंदराचे बारीक दात दाखवले. त्यातल्या एका काकांच्या घरी उंदरांचा फार उपद्रव होता. ते आता स्वतःच संध्याकाळी पिंगळे आले का म्हणून विचारतात.

प्रतापनगर

एक राहिले. दाराखाली पक्ष्याला बसायला म्हणून कोणीही दांडी लावू नये. ढोलीत घरटे करणाऱ्या पक्ष्याला तिची गरज नसते आणि टकाचोराला (कावळ्याच्या कुळातला लांब शेपटीचा पक्षी) मात्र पिल्ले ओढायला आयती बैठक मिळते. माझी पहिली वीण अशीच गेली.

धरमपेठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दांडी आजच कापली. पेटी जाड फळीची नवी केली असून पूर्वेच्या बाजूला, कडुलिंबाच्या सावलीत लावली आहे. काल दुपारी आमच्याही कूलरच्या ताटीतून खसचा एक धागा लोंबताना दिसला.