फॉर्मवर सगळे ‘काउंटर विक्री’, पोरगा पडला माळ्याच्या शिडीवरून. आता दाव्याचं काय?

सळईपत्रा:
हार्डवेअरचं किरकोळ दुकान आहे, मी धरून सात माणसं. गेल्या महिन्यात आमच्याकडचा एक मुलगा माळ्यावरून रंगाची वीस लिटरची बादली उतरवताना शिडीवरून पडला. एका हातात बादली, दुसऱ्या हाताने शिडी धरलेली. गिऱ्हाईक ताटकळलं होतं आणि मीच खालून ओरडलो, “आण रे पटकन!” दुसऱ्या मिनिटाला तो खाली. मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय. माझे ते शब्द अजून माझ्या कानातून जात नाहीत.

कामगार भरपाईचा विमा आहे. पण फॉर्म भरताना ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात एजंटाने सगळ्यांपुढे ‘काउंटर विक्री’ लिहिलं. “हप्ता कमी बसेल” म्हणाला, मी सही केली. खरं म्हणजे हा मुलगा निम्मा दिवस गोदामात असतो, नाहीतर टेम्पोबरोबर माल पोचवायला जातो. यामुळे दावा अडकेल का? आणि ओळखीचे दुकानदार म्हणतात, एका हाताने चढला ही त्याचीच चूक, तू कशाला अंगावर घेतोस? मला ते पटत नाही, पण कायद्याने काय आहे ते कळत नाही.

जुनीवही:
विम्याच्या कामात बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून सांगतो. आधी चुकीचं बघू. चूक कोणाची हा वाद काढून टाकायचा, यासाठीच तर हा विमा जन्माला आला. त्याआधी जखमी माणसाला कोर्टात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागायचा, आणि बहुतेकांच्या हाती काहीच लागायचं नाही. जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा केला, ब्रिटनने १८९७ मध्ये. ब्रिटनच्या त्या पहिल्या कायद्यात रेल्वे, कारखाने, खाणी असली कामंच होती, दुकानातला नोकर त्यात नव्हताच. १९०६ च्या कायद्याने जवळजवळ सगळे नोकर आत आले. भारतात असा पहिला कायदा १९२३ मध्ये झाला. तत्त्व सगळीकडे एकच: काम करताना, कामामुळे इजा झाली की भरपाई. त्या बदल्यात बहुतेक ठिकाणी मालकावर वेगळा खटला भरायची वाट बंद किंवा अरुंद होते.

अपवाद आहेत, पण ते दारू पिऊन काम करणं, मुद्दाम नियम मोडणं, मशीनचं संरक्षक झाकण जाणूनबुजून काढणं अशा प्रकारचे. घाईत एका हाताने शिडी चढणं म्हणजे साधी चूक. त्यावरून भरपाई नाकारता येत नाही.

आता फॉर्म. हप्ता दोन गोष्टींवर ठरतो: एकूण पगार किती आणि काम कुठल्या प्रकारचं. नुसता हिशेब लिहिणाऱ्याचा दर सगळ्यात कमी, गोदामात उचल-ठेव करणाऱ्याचा त्याहून बराच जास्त, गाडीवर जाणाऱ्याचा आणखी वेगळा. तुमचा फॉर्म खरा नाही, त्यामुळे कंपनी प्रश्न विचारणार. तिने विचारण्याआधी तुम्हीच लेखी कळवा: हा माणूस प्रत्यक्षात अमुक अमुक काम करतो, फॉर्ममध्ये चुकीचं गेलं, फरकाचा हप्ता भरायला तयार आहे. तसंही वर्षअखेरीला पगारपत्रक तपासून फरक काढतातच. आणि दाव्याच्या कागदावर शिडी, बादली, माळा सगळं जसं घडलं तसं लिहा. ‘काउंटरजवळ पाय घसरला’ असलं काही कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. डॉक्टरांच्या कागदावर मुलाने सांगितलेलं खरं लिहिलेलं असतं. दोन कागद जुळले नाहीत की त्या मुलाचे पैसे अडकतात.

मोजपट्टी:
माझंही हार्डवेअरचंच दुकान आहे. ‘काउंटर विक्री’ हा शब्दच आपल्या धंद्याला लागू नाही हो! आमच्या काउंटरवरची मुलगी दिवसभरात किल्ल्या कापते, साखळी तोडून देते, काच कापते, रंगाच्या मशीनवर उभी राहते. किल्लीच्या मशीनचा बारीक पितळी कीस उडतो, तो डोळ्यात गेला की काय होतं ते मी बघितलंय. त्यासाठीचा संरक्षक चष्मा मी आता मशीनलाच दोरीने बांधून ठेवलाय, नाहीतर कोणी शोधत बसत नाही.

मी एक केलं, ते तुम्हीही करा. आठवडाभर प्रत्येकाने खरंच काय काय काम केलं ते वहीत लिहून काढलं आणि तीच पानं फॉर्मबरोबर जोडली. दोघांचा दर वाढला. पण जो दिवसभर फक्त बिलं करतो त्याला आम्ही इतकी वर्षं उगाच वरच्या दरात घातलं होतं, त्याचा कमी झाला. फरक मला वाटला होता तेवढा नव्हता.

गोणीवाला:
मी मालक नाही, दुकानात कामाला आहे. एक सांगतो, राग मानू नका. आम्ही लहानसहान लागलेलं सांगतच नाही. पत्र्याने बोट कापलं, चिंधी बांधली, काम चालू. कमरेत लचक भरली तेव्हा मी चार दिवस गप्प राहिलो. मग उठताच येईना तेव्हा सांगितलं, तर कंपनीने विचारलं, “दुकानातच झालं कशावरून?” साक्षीदार कोणी नव्हता. मालक भला माणूस, तो पाठीशी उभा राहिला म्हणून निभावलं. पण त्या चार दिवसांनी मला फार छळलं.

जुनीवही:
गोणीवाला, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आपल्या धंद्यात पाठीच्या दुखण्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळं अनुकूल असताना, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, पकड चांगली, तरी मर्यादा २३ किलोची आहे. वाकून, वळून, लांबून उचललं की ती झपाट्याने खाली येते. आपण ५० किलोची गोणी एकट्याच्या पाठीवर देतो. सळईपत्रा, जड माल कमरेच्या उंचीच्या फळीवर आणा, वर हलका माल ठेवा. वीस लिटरच्या बादलीला माळ्यावर जागाच नको.

आणि मुलाला प्लास्टर असताना डॉक्टर हो म्हणाले तर बसून करायचं काम द्या. विम्यातून पूर्ण पगार सहसा मिळत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तो साधारण दोन तृतीयांश असतो, शिवाय सुरुवातीचे काही दिवस बऱ्याच ठिकाणी धरतच नाहीत. घरी बसलेल्या माणसाचं घर तेवढ्यात चालत नाही.

सळईपत्रा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल कंपनीला पत्र दिलं, फॉर्ममधली चूक माझी म्हणून लिहिलं आणि पोच घेतली. एजंट नाराज झाला, होऊ दे. विम्यात न धरलेल्या दिवसांचा पगार मी देणार आहे, तसं मुलाच्या आईला जाऊन सांगून आलो.

रंगाच्या बादल्या आज खाली आणल्या. तिघांना दोन तास लागले. माळ्यावर आता ब्रश, रोलर आणि सँडपेपरचे खोके आहेत. मुलगा सोमवारपासून येतो म्हणतोय, डाव्या हाताने स्क्रू मोजून पुड्या बांधीन म्हणाला. डॉक्टरांचं पत्र आणल्याशिवाय बसू देणार नाही असं त्याला सांगितलंय.

जुनीवही, एक राहिलंच: टेम्पोवरचा ड्रायव्हर माझ्या पगारावर नाही, फेरीमागे पैसे घेतो. माल उतरवताना त्याला लागलं तर तो माझ्याच विम्यात येतो का?

जुनीवही:
त्याचा स्वतःचा विमा आहे का ते आधी विचारा आणि कागद बघा. नसेल तर बऱ्याच ठिकाणी ती जबाबदारी काम देणाऱ्यावर येते. त्याला दिलेल्या फेऱ्यांचे पैसेही नूतनीकरणाच्या वेळी वेगळे दाखवा आणि तो विम्यात धरलाय असं कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो’वर थांबू नका.